विमानातील जुनी नॅव्हिगेशन यंत्रे: ठेवावीत की बदलावीत

सेसना 152 या विमानाचे उत्पादन 1985 मध्ये थांबले. या जातीची विमाने फ्लाइंग क्लबांतून आजही उडतात, कारण इंजिन ठरलेल्या तासांनी उघडून दुरुस्त करता येते आणि सांगाडा नीट राखला तर टिकतो. मागे पडते ते पॅनेलमधले नॅव्हिगेशनचे सामान. ते बंद पडत नाही, पण त्यावर पूर्ण भरवसाही ठेवता येत नाही, आणि मग मालकापुढे प्रश्न उभा राहतो की आणखी एकदा दुरुस्ती करावी की सगळे काढून नवे बसवावे. अशा विमानांच्या ॲव्हिऑनिक्सचे (इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे) काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे: यंत्राचे वय हा या निर्णयातला सर्वांत कमी महत्त्वाचा मुद्दा आहे. दोष नेमका कुठे आहे, ज्या सिग्नलवर यंत्र चालते तो पुढे मिळणार आहे का, आणि यंत्र बिघडल्यास विमान किती दिवस जमिनीवर राहील, हे तीन प्रश्न त्याआधी सुटायला हवेत.

दोषापासून सुरुवात करावी. एका पावसाळ्यात आमच्याकडच्या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या नॅव्हची (नॅव्हिगेशन रिसिव्हरची) सुई डळमळू लागली आणि सिग्नल भरवशाचा नसल्याचे सांगणारी लाल झेंडी मधूनच दिसू लागली. केएक्स 155 हा रिसिव्हर दोनदा काढून वर्कशॉपला पाठवला आणि दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ असा टॅग बांधून तो परत आला. तिसऱ्या वेळी आम्ही रिसिव्हरला हात न लावता शेपटीकडे गेलो. उभ्या शेपटीच्या टोकावरची टोपी उतरवली तेव्हा व्ही आकाराच्या अँटेनाच्या बुडाशी असलेला कनेक्टर हिरवट गंजाने भरलेला दिसला, आणि केबलच्या जाळीचे दोन-चार धागेच काय ते शिल्लक होते. विमान स्थिर असताना ते धागे टेकत आणि इंजिनाच्या थरथरीने सुटत. नवी केबल टाकायला अर्धा दिवस लागला आणि सुई शांत झाली. त्या काळात कोणी नवा रिसिव्हर घेतला असता, तर तोही त्याच कुजलेल्या केबलला जोडला गेला असता.

त्यामुळे विमानात एकाच मॉडेलचे दोन रिसिव्हर असतील तर प्रथम त्यांची अदलाबदल करावी. समोरच्या छिद्रातून ॲलन की घालून स्क्रू सैल केला की केएक्स 155 ट्रेमधून सरळ बाहेर येतो. दोष रिसिव्हरबरोबर सरकला तर दोष रिसिव्हरमध्ये आहे. जागेवरच राहिला तर तो वायरिंग, अँटेना किंवा इंडिकेटर (सुईची तबकडी) यांपैकी कशात तरी आहे. मात्र हा रिसिव्हर 14 व्होल्ट आणि 28 व्होल्ट अशा दोन प्रकारांत मिळतो, म्हणून अदलाबदलीपूर्वी पाटीवरचा पार्ट नंबर वाचलाच पाहिजे.

यानंतर अचूकता तपासावी. अमेरिकेच्या नियमांनुसार आयएफआर, म्हणजे यंत्रांच्या आधारे होणाऱ्या उड्डाणासाठी व्हीओआरची (जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनपासूनची दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेची) तपासणी मागील 30 दिवसांत झालेली असावी लागते. जमिनीवरच्या तपासणीत 4 अंशांपर्यंत आणि हवेतल्या तपासणीत 6 अंशांपर्यंत फरक चालतो, आणि एकाच स्टेशनवर लावलेल्या दोन रिसिव्हरांत 4 अंशांहून जास्त तफावत चालत नाही. आपले विमान फक्त व्हीएफआर, म्हणजे बाहेर पाहून उडत असले तरी ही शिस्त पाळावी आणि प्रत्येक आकडा तारखेसह नोंदवावा. सहा महिने 2 अंशांवर स्थिर असलेला रिसिव्हर ठेवण्याजोगा असतो. दर महिन्याला थोडा थोडा सरकणारा रिसिव्हर आज मर्यादेत असला तरी त्याची तजवीज आत्ताच सुरू करावी.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. व्हीओआरचा सिग्नल सरळ रेषेत जातो. सपाट प्रदेशातही 2500 फुटांवरून तो साधारण 60 नॉटिकल मैलांपर्यंतच मिळतो, आणि मध्ये सह्याद्रीची रांग असेल तर त्याहूनही कमी. देशावर खालून उडताना मुंबईच्या व्हीओआरची झेंडी पडली तर तो डोंगराचा आणि अंतराचा परिणाम आहे. त्यासाठी रिसिव्हर काढण्याचे काहीच कारण नाही.

दोष रिसिव्हरमध्येच असेल तर तो कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. फ्रिक्वेन्सीचे बटण झिजून आकडे उड्या मारत असतील, तर तो किरकोळ दोष आहे. डिस्प्ले फिका पडत असेल, तर डिस्प्लेचा सुटा भाग मिळतो का यावर सारे अवलंबून आहे. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळू लागले असतील, तर एक बदलल्यावर काही महिन्यांनी दुसरा जातो, आणि अशा दुरुस्त्यांची माळ सुरू झाली की थांबावे. विदर्भातल्या मे महिन्यात दिवसभर ॲप्रनवर उभ्या राहिलेल्या विमानाचे पॅनेल आतून किती तापते, हे ज्याने हात लावून पाहिले आहे त्याला कूलिंग फॅनचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. बंद पडलेला फॅन तसाच ठेवून नवा रिसिव्हर बसवणे म्हणजे त्याचेही आयुष्य पहिल्या दिवसापासून कमी करणे होय.

आता सिग्नलचे भवितव्य. ओमेगा ही जगभरची रेडिओ नॅव्हिगेशन प्रणाली 30 सप्टेंबर 1997 रोजी बंद झाली, अमेरिकेने लोरान-सी या तशाच प्रणालीचे सिग्नल 8 फेब्रुवारी 2010 रोजी थांबवले, आणि दोन्ही वेळा उत्तम चालणारी यंत्रे निव्वळ ओझे ठरली. एडीएफ हा दिशादर्शक रिसिव्हर आज त्याच वाटेवर आहे, कारण तो ज्यांच्यावर चालतो ती एनडीबी ही जमिनीवरची रेडिओ स्टेशने ठिकठिकाणी कमी होत आहेत. आपण नेहमी जातो त्या विमानतळांची नावे लिहून प्रत्येकासमोर सध्या कोणती स्टेशने चालू आहेत, हे एआयपी (अधिकृत वैमानिकी माहितीपुस्तिका) आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) पाहून नोंदवावे. त्या यादीत एनडीबी नसेल तर बिघडलेल्या एडीएफवर पैसे घालू नयेत. अँटेना आणि वायरिंगसह तो काढून टाकावा आणि वजनाचा लाभ घ्यावा.

व्हीओआर आणि आयएलएस (धावपट्टीवर उतरताना मार्ग दाखवणारी रेडिओ प्रणाली) यांविषयी मात्र माझे मत नेमके उलट आहे. अमेरिका आपली व्हीओआर स्टेशने घटवत असली तरी जीपीएस गेले असताना विमानाला सुरक्षित उतरता यावे म्हणून तिथे एक किमान जाळे मुद्दाम राखले जात आहे. हा धोका आपल्यापासूनही दूर नाही: नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात भारताच्या सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, जीपीएसमधील हस्तक्षेपाच्या 465 घटना नोंदवल्या गेल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. म्हणून नवे जीपीएस बसवताना जागा करण्यासाठी शेवटचा चांगला व्हीओआर रिसिव्हर काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. हा रिसिव्हर एफएम प्रसारणाच्या अडथळ्याला दाद न देणारा आहे का, एवढे जरूर तपासावे. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथेच व्हीओआर व लोकलायझरचा (आयएलएसमधील धावपट्टीची दिशा दाखवणाऱ्या भागाचा) सुरू होतो. शहराजवळ जुन्या रिसिव्हरमध्ये गाणी ऐकू येणे हे दोघांची गल्लत होत असल्याचे लक्षण आहे.

सर्वांत अवघड निर्णय जुन्या जीपीएसचा असतो. गार्मिनचा जीएनएस 430 हे 1998 चे यंत्र आहे. त्याचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला, तरी असंख्य विमानांत ते अजून काम करते. त्याची अडचण अशी की जीपीएस, व्हीओआर, आयएलएस आणि कम्युनिकेशन रेडिओ हे सारे एकाच डब्यात असल्यामुळे तो डबा काढला की चारही गोष्टी एकदम जातात. अशा यंत्राबाबत बिघाडाची वाट पाहू नये. उत्पादक अजून दुरुस्ती स्वीकारतो का, 28 दिवसांच्या चक्राने येणारा डेटाबेस त्या मॉडेलसाठी मिळतो का, आणि 6 एप्रिल 2019 रोजी जीपीएसचा आठवड्यांचा 10 बिटांचा मोजणीअंक पुन्हा शून्यावर आला तेव्हा यंत्राने तारीख बरोबर दाखवली होती का, हे विचारावे. पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर पुढच्या वार्षिक तपासणीत बदल करण्याचे नियोजन आजच करावे.

गगन, म्हणजे उपग्रहांच्या मदतीने जीपीएसची अचूकता वाढवणारी भारतीय प्रणाली, हा दुसरा मुद्दा. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या या प्रणालीला उभ्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठीचे प्रमाणपत्र 2015 मध्ये मिळाले, आणि एप्रिल 2022 मध्ये किशनगढला एका एटीआर विमानाने तिच्या आधारे एलपीव्ही या उपग्रहाधारित पद्धतीने उतरून दाखवले. ज्या विमानतळावर आयएलएस नाही तिथे याचे मोल मोठे आहे, पण जुन्या, डब्ल्यू अक्षर नसलेल्या 430 ला हा सिग्नल वापरता येत नाही. त्यामुळे आयएफआर प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने एसबीएएस (गगनसारख्या प्रणालींचा सिग्नल वापरण्याची सोय) असलेले यंत्रच घ्यावे आणि त्यात गगन निवडता येते याची खात्री खरेदीपूर्वी करून घ्यावी. केवळ दिवसा, स्वच्छ हवेत सर्किट आणि क्रॉसकंट्री करणाऱ्या विमानाला त्याची निकड नाही.

खर्चाचा हिशेब दुरुस्तीच्या बिलावर थांबवू नये. समजा, विमान रोज 4 तास उडते आणि रिसिव्हर परदेशी जाऊन कस्टम्समधून सुटून यायला 20 दिवस लागतात. म्हणजे 80 तासांचे उड्डाण बुडाले. हा आकडा दुरुस्तीत मिळवला की अनेकदा निर्णय आपोआप स्पष्ट होतो. वापरलेले यंत्र सुटे म्हणून घेऊन ठेवणे हा चांगला मधला मार्ग आहे, पण त्याच्यासोबत मान्यताप्राप्त वर्कशॉपचे रिलीज सर्टिफिकेट हवेच. ‘विमानातून काढताना चालू होते’ या तोंडी हमीवर काहीही बसवू नये.

बदलायचे ठरले तर जोडणी बारकाईने पाहावी. जुना केआय 209 इंडिकेटर व्हीओआरसाठी उत्तम असतो, पण जीपीएस जोडायला केआय 209ए लागतो. या एका अक्षराच्या फरकामुळे अंदाजपत्रक बदललेले मी पाहिले आहे. निवडलेल्या बदलाचे एसटीसी (बदलाचे मान्यतापत्र) आपल्या मॉडेलला लागू आहे का आणि डीजीसीएला मान्य आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी मिळवावे. विजेच्या भाराचे गणित, वजन आणि संतुलनाची नवी नोंद, उपकरणांची सुधारित यादी आणि फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी ही कागदपत्रे हाती येईपर्यंत काम पूर्ण झाले असे धरू नये. पहिली चाचणी स्वच्छ हवेत, ओळखीच्या आयएलएसवर घ्यावी, आणि प्रत्येक इंडिकेटरचे आकडे त्याच दिवशी लॉगबुकमध्ये लिहावेत, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात सुई हलली तर तुलनेला आधार राहतो.