माळ्यावरचा क्लिक थ्री खाली काढलाय? मग पहिला रोल असा टाका

बऱ्याच घरांत माळ्यावर एक कॅमेरा असतोच. चामड्याच्या खोळीत, खोळीचं बटण गंजलेलं, पट्टा तुटलेला. आमच्याकडे आगफाचा क्लिक थ्री होता, बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीज बनवायची तो. आईच्या डोहाळजेवणाचे फोटो त्याच्यावरच काढलेले, चौकोनी, कडेला जरा पुसट, पण मधोमध आई अगदी स्वच्छ. तो मी पाच-सहा वर्षांपूर्वी खाली काढला आणि तेव्हापासून अधूनमधून त्याच्यावर रोल टाकतो. खूप जण विचारतात की सुरुवात कशी करायची, कुठला कॅमेरा घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, महागडा, लेन्स बदलता येणारा एसएलआर शोधत बसू नका. घरात जे आहे ते घ्या. क्लिक थ्री किंवा आगफाचाच आयसोली असेल तर उत्तम, नसेल तर नव्वदीतला कोडॅक केबी टेन कुणा ना कुणा मावशीकडे निघतोच, याशिका एमएफ टू निघाला तर तुमची चैन आहे. यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत करण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं, फोकस ठरलेला, शटर (उजेड आत सोडणारी झडप) किती वेळ उघडणार तेही ठरलेलं, आणि मजा त्यातच आहे. कॅमेऱ्यात काही बदलता येत नाही म्हटल्यावर तुम्ही उजेड बघायला लागता. वेळ बदलता, जागा बदलता, माणसाला दोन पावलं सावलीतून बाहेर बोलावता. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी, मुंबईत चोर बाजारात असे कॅमेरे दिसतात, पण तिथे "चालू आहे साहेब" या वाक्यावर काडीचाही विश्वास ठेवू नका, स्वतः बघा.

काय बघायचं? मागचं झाकण उघडा, कॅमेरा खिडकीकडे धरा, मागून डोळा लावा आणि खटका, म्हणजे फोटो काढायचं बटण, दाबा. क्षणभर उजेडाचा गोल दिसला की शटर उघडतंय. आठ-दहा वेळा दाबा, कारण जुनं शटर कधी कधी पहिल्या दोन वेळा अडकतं आणि मग सुटतं. केबी टेनसारख्या बऱ्याच प्लॅस्टिक कॅमेऱ्यांत रोल नसला तर खटका दाबलाच जात नाही, लोकांना वाटतं बिघडला. आत एक छोटं दातेरी चाक असतं, फिल्मच्या भोकांत अडकणारं, ते बोटाने पुढे सरकवलं की शटर चढतं आणि खटका दाबला जातो. मग लेन्समधून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही पसरलेलं दिसलं तर ती बुरशी. थोडी असली तर फोटोत फारसं जाणवत नाही, पण पूर्ण काच दुधाळ झाली असेल तर सोडून द्या. सेलचा कप्पा उघडून हिरवा-पांढरा थर आलाय का तेही बघा, कापसाच्या काडीला जरासं व्हिनेगर लावून पुसलं की बऱ्याचदा निघतो.

आता रोल. क्लिक थ्रीला १२० चा रोल लागतो, कागदात गुंडाळलेला, ज्यात बारा चौकोनी फोटो बसतात. हा साईज कोडॅकने १९०१ साली आणला आणि तो आजही नवा मिळतो. केबी टेन, याशिका वगैरेंना नेहमीचा ३५ एमएमचा. रोल आता स्वस्त राहिलेले नाहीत, त्यामुळे "काढून बघू, आवडला नाही तर डिलीट" ही मोबाईलची सवय आपोआप सुटते. क्लिक थ्रीसारख्या साध्या डबा कॅमेऱ्याला उन्हाळ्यात, हिवाळ्यात आयएसओ १०० चा, पावसाळ्यात ४०० चा (हा आकडा जितका मोठा तितका फिल्मला उजेड कमी पुरतो). एकेकाळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू नावाचा ब्लॅक अँड व्हाईट रोल सगळीकडे मिळायचा, आता इल्फर्ड किंवा फोमा मागवावा लागतो, रंगीत हवा तर कोडॅक गोल्ड.

१०० का, तर जुना हिशोब असा. कडक ऊन असताना एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं भोक बरंच लहान असताना, शटरचा वेळ म्हणजे फिल्मचा आयएसओ उलटा, १०० च्या फिल्मला सेकंदाचा शंभरावा भाग. डबा कॅमेऱ्याचं शटर त्याहून बरंच सुस्त असतं, साधारण तिसावा ते पन्नासावा भाग, म्हणजे गरजेपेक्षा उजेड जास्तच जातो. पण निगेटिव्ह फिल्म जादा उजेड पचवते, एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त गेला तरी तिला फरक पडत नाही. कमी पडला की मात्र सावल्या मातकट होतात, दाणे दिसतात, काही करता येत नाही. त्यामुळे शंका आली की उजेडाच्या बाजूने चुका.

१२० चा रोल भरताना उन्हात उभे राहू नका, झाडाखाली जा, नाहीतर निदान उन्हाकडे पाठ करा. कॅमेऱ्यात एका बाजूला रिकामी रिळ असते, ती फेकू नका (माझ्या मित्राने भंगार समजून फेकली, मग महिनाभर नुसत्या रिळीसाठी वणवण), कारण फिल्म तिच्यावरच गुंडाळली जाते. नव्या रोलची चिकटपट्टी सोडा, कागदाचं टोक ओढून पलीकडच्या रिळीच्या फटीत घाला, अंगठ्याने एक-दोन वेढे द्या, कागद सरळ जातोय ना बघा. वाकडा गेला तर कडेने उजेड शिरतो. झाकण लावा. मग मागच्या झाकणावरच्या छोट्या लाल काचेत बघत फिल्म पुढे सरकवायची चक्री हळूहळू फिरवा. आधी नुसता कागद, मग बाणासारख्या खुणा, मग ठिपके, ठिपके दिसले की हात आखडता घ्या, आणि मग १ येतो. थांबा. इथे घाई केली की १ निघून जातो आणि मागे फिरवता येत नाही, मी पहिल्या रोलला थेट ३ वर जाऊन थांबलो होतो. त्या लाल काचेवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा, चक्री फिरवताना तेवढा उचलायचा आणि परत चिकटवायचा. अशा लाल काचा पहिल्यांदा निघाल्या तेव्हाच्या फिल्म लाल उजेडाला फारशा दाद द्यायच्या नाहीत, आजच्या फिल्मला सगळे रंग दिसतात आणि ४०० ची असेल तर काचेतून आलेला ठिपका फोटोवर उमटतो.

३५ एमएमच्या रोलला वेगळीच गंमत. फिल्मची जीभ नीट अडकली नाही तर तुम्ही चक्री फिरवत राहता, खटके दाबत राहता, आणि फिल्म आपली डबीत झोपलेली. हरिहरेश्वरला काकांच्या षष्ठ्यब्दीला आम्ही सगळे गेलेलो, मी ३६ चा रोल घातला, आकडा ३६ च्या पुढे गेला, ३८ झाले, ४० झाले, मी खूश की दुकानदाराने जास्तीची फिल्म दिली! रोल कोराच निघाला, काकू अजून सांगते येणाऱ्या-जाणाऱ्याला. तर उपाय सोपा आहे. ज्या कॅमेऱ्यांना डाव्या हाताला रिवाइंडची मूठ असते त्यांच्यात रोल भरल्यावर ती मूठ हळूच उलटी फिरवून फिल्म ताणून घ्यायची, आणि मग दरवेळी पुढे सरकवताना ती आपोआप गरगरते का बघायचं. गरगरली तर फिल्म चालतेय.

आता खरं काम, उजेड. क्लिक थ्रीवर सूर्य आणि ढग अशा खुणा असतात, त्यांचा अर्थ तोच आहे, त्यात काही गुपित नाही. सकाळी नऊच्या आसपास आणि दुपारी चारनंतर सूर्यावर ठेवा. पावसाळी आभाळ, गल्लीतली सावली, देवळाचा सभामंडप उघडा असेल तर तोही, ढगावर. घराच्या आत साध्या कॅमेऱ्याने जाऊच नका, ट्यूबलाईट तुम्हाला लख्ख वाटते पण फिल्मला ती अंधारच. केबी टेनचा फ्लॅश आठ-दहा फुटांपर्यंत बरा, त्यामुळे लग्नाच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतून फ्लॅश मारणाऱ्यांनी समोरच्याच्या टकलाचा फोटो येणार हे धरून चालावं. भर दुपारी माणसांचे फोटो काढले तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. "ऊन पाठीवर घ्या" हा जुना सल्लाही मला तितकासा पटत नाही, समोरचा माणूस डोळे किलकिले करतो आणि घरातले सगळे जुने फोटो असे का, सगळे रागावल्यासारखे का, त्याचं उत्तर हेच आहे. ऊन बाजूने येऊ द्या.

अंतर. फोकस ठरलेला म्हणजे तो साधारण काही फुटांच्या पुढे धरलेला असतो. क्लिक थ्रीने दहा फुटांवर उभं राहा, निर्धास्त. फूलबिल, चहाचा कप, मांजराचं नाक यांचे जवळून फोटो विसरा, पुसटच येणार.

आणि हात. तिसाव्या भागाच्या शटरला हात हलला की फोटो हलला. दोन्ही कोपर बरगड्यांना टेकवा, श्वास अर्धा सोडा आणि खटका दाबू नका, पिळा, म्हणजे हळूहळू जोर वाढवत न्या. खांब असेल तर टेका. माझ्या पहिल्या रोलमधले सात फोटो हललेले होते आणि मी लेन्सला दोष देत बसलो होतो.

क्लिक थ्रीची एक खोड सांगायची राहिली. यात चक्री आणि खटका यांचा एकमेकांशी संबंध नाही. फिल्म पुढे न सरकवता कितीही वेळा खटका दाबता येतो, एकावर एक फोटो बसतात. म्हणून एक सवय लावा, खटका दाबला की लगेच चक्री. "नंतर फिरवतो" म्हटलं की आठवत नाही फिरवली का नाही, मग घाबरून फिरवतो आणि एक फ्रेम वाया. माझ्याकडे एका निगेटिव्हवर आजी तुळशीला पाणी घालतेय आणि तिच्या पदरातून एसटी निघालीय. मुद्दाम ठरवून असं जमणार नाही, पण मुद्दाम करून बघायचं असेल तर दोन्ही फोटोंत पाठीमागे गडद काहीतरी ठेवा, गडद भागातच दुसरा फोटो नीट उमटतो.

बारावा झाला की कागद पूर्ण गुंडाळेपर्यंत चक्री फिरवा, सावलीत उघडा, रोल सैल पडू न देता टोकाचा कागद दुमडा आणि पट्टी चिकटवा. पट्टीला गोंद असतो, पोस्टाच्या तिकिटासारखी जिभेने ओली करायची, चव घाण असते.

रोल धुवायला टाकताना लॅबवाल्याला तोंडी न सांगता डबीवर मार्करने लिहा, कलर की ब्लॅक अँड व्हाईट. मी एका ठिकाणी ब्लॅक अँड व्हाईट रोल दिला, त्यांनी कलरच्या केमिकलात घातला. कलरच्या प्रोसेसमध्ये फिल्ममधली सगळी चांदी शेवटी काढून टाकतात, रंग तेवढे मागे राहतात. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये चित्रच चांदीचं, त्यामुळे हातात आली ती पारदर्शक पट्टी, एकही फोटो नाही. भांडून काय होणार होतं. (इल्फर्डचा एक्सपी टू हा अपवाद, तो ब्लॅक अँड व्हाईट असून कलरमध्येच धुतात.) स्कॅन मेलवर मिळाले तरी निगेटिव्ह परत मागून घ्या, न मागितल्यास बरेच जण फेकून देतात.

दोन-चार रोल झाले की ब्लॅक अँड व्हाईट घरी धुवा, कलरच्या मागे लागू नका, त्याचा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) ३७.८ अंशांवर अचूक ठेवावा लागतो. ब्लॅक अँड व्हाईटला २० अंश लागतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच तीसच्या वर येतं, त्यामुळे परातीत बर्फ टाकून त्यात केमिकलच्या बाटल्या उभ्या करायच्या, थर्मामीटर धरून बसायचं. अवघड काम एकच, उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, फिल्म धुवायच्या बंद टाकीच्या रिळावर चढवणं. एक खराब रोल घेऊन टीव्ही बघत बघत पन्नास वेळा सराव करा, मग डोळे मिटून. टाकी बंद झाली की पुढचं सगळं उजेडात, डेव्हलपर, मग पाणी, मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, जुने स्टुडिओवाले त्याला हायपो म्हणतात, मग भरपूर पाणी. वाळत घालायला बाथरूम सगळ्यात बरं, आधी गरम पाण्याची बादली भरून वाफ होऊ द्या म्हणजे हवेतली धूळ खाली बसते, वर एक कपड्यांचा चिमटा आणि खाली एक, वजनाला. घरच्यांना आधी सांगून ठेवा, आमच्याकडे बाबांनी अंघोळीला जाऊन ओल्या फिल्मला टॉवेल लावलाय. हायपो वापरून झाला की त्यात चांदी उतरलेली असते, तो मोरीत ओतू नका, कॅनमध्ये साठवून लॅबवाल्याकडे द्या.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात चामड्याच्या खोळीत ठेवू नका, चामडं दमट होतं आणि बुरशी तिथूनच लेन्सवर जाते, कोकणात तर दोन महिने पुरतात. घट्ट झाकणाचा डबा घ्या, पोळ्यांचा चालतो, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून रिकामे खटके दाबा. न वापरलेले रोल फ्रीजमध्ये ठेवा, पण काढल्यावर दोन तास तरी डबीचं झाकण उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं. विमानाने जात असाल तर रोल चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको, तिथल्या एक्स-रेने फिल्म खराब होते, हातातल्या पिशवीत घ्या आणि सिक्युरिटीला हाताने तपासायची विनंती करा, कधी ऐकतात, कधी नाही.