साताऱ्याच्या डोंगरवाटांसाठी हलकी कार्बन हार्डटेल निवडताना

साताऱ्यातून सकाळी सायकल घेऊन निघणाऱ्याला चढ चुकत नाही. यवतेश्वरचा घाट घ्या, सज्जनगडाचा रस्ता घ्या, नाहीतर घराशेजारचा अजिंक्यतारा घ्या. पहिल्या अर्ध्या तासातच दम लागतो आणि सायकल थोडी हलकी असती तर बरे झाले असते, असे वाटून जाते. बहुतेकांचा कार्बन हार्डटेलचा, म्हणजे कार्बनची फ्रेम आणि फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलीचा, शोध तिथून सुरू होतो आणि त्यात काही गैर नाही. मात्र दुकानात गेल्यावर सगळी चर्चा फ्रेम किती ग्रॅमची आहे या एका आकड्याभोवती फिरत राहते, आणि संपूर्ण सायकलीचे वजन नेमके कोणत्या भागातून कमी केले आहे हे विचारायचे राहून जाते. माझ्या मते सायकलीची निवड त्याच प्रश्नावर ठरली पाहिजे.

आधी वजनाचा हिशेब मांडू. चालवणारा ६५ किलोचा, सायकल ११ किलोची आणि पाणी, पंप, हत्यारे मिळून दोन किलो धरले, तर एकूण ७८ किलो चढावर न्यायचे असतात. तेवढीच ताकद लावून सायकल एक किलोने हलकी असली, तर चाळीस मिनिटांच्या घाटात साधारण अर्धे मिनिट वाचते. चांगली कार्बन फ्रेम एक किलो ते बाराशे ग्रॅमच्या आसपास असते आणि त्याच दर्जाची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम दीड ते पावणेदोन किलोची असते. म्हणजे केवळ फ्रेम बदलून हाती येतात ती जेमतेम पंधरा-वीस सेकंद. शर्यतीत उतरणाऱ्याला तीही मोलाची असतात, परंतु फ्रेम कार्बनची असूनही चाके, फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आणि गिअर स्वस्तातले बसवले असतील, तर ती सायकल चांगल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीपेक्षा जड भरू शकते. त्यामुळे सायकल पेडलसह तराजूवर टांगून वजन पाहावे आणि माहितीपत्रकातील आकडा कोणत्या मापाच्या फ्रेमचा आहे, हेही विचारून घ्यावे.

मग कार्बनचा खरा लाभ कोणता? कार्बन फ्रेममध्ये धाग्यांचे थर रेझिनमध्ये बसवून एकावर एक रचलेले असतात, आणि प्रत्येक थराची दिशा बनवणाऱ्याला ठरवता येते. त्यामुळे पेडलजवळचा भाग ताठ ठेवता येतो आणि सीटखालच्या बारीक नळ्यांना वर-खाली किंचित लवचिकपणा देता येतो. मागे सस्पेन्शन नसलेल्या हार्डटेलवर दोन तास खडबडीत मुरुमावर बसून काढल्यावर हा फरक कंबरेला आणि मांड्यांना कळतो, आणि मला तो वाचलेल्या सेकंदांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

हार्डटेल घ्यावी की फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली), हा वाद जुना आहे. डोंगरवाटांवरची क्रॉस-कंट्री सायकल शर्यत १९९६ साली अटलांटा येथे ऑलिम्पिकमध्ये आली, आणि २०१२ साली लंडनमध्ये यारोस्लाव्ह कुल्हावी याने फुल सस्पेन्शनवर सुवर्णपदक जिंकले. आजच्या अवघड कृत्रिम मार्गांवर बहुतेक स्पर्धक तीच सायकल निवडतात. आपल्याकडच्या वाटा मात्र लांब चढाच्या, मुरुमाच्या आणि गाडीवाटेच्या आहेत. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांसाठी केलेले कच्चे रस्ते पाहिले की तिथे हार्डटेल किती पुरेशी आहे ते लक्षात येते. शिवाय तिला सांधे कमी असल्याने पावसाळ्यानंतर बेअरिंग बदलण्याचा खर्च कमी येतो. (कासच्या पठारावर मात्र डांबरी रस्ता सोडून चाक घालू नये. ते पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात आहे, आणि जांभ्यावरच्या त्या पातळ मातीत उमटलेली टायरची रेघ लवकर बुजत नाही.)

आता मापाविषयी सविस्तर सांगतो, कारण माझी स्वतःची चूक इथेच झाली. माझी उंची पाच फूट सात इंच. पहिली कार्बन हार्डटेल घेताना दुकानदाराने मोठ्या मापाची सायकल चांगल्या सवलतीत देऊ केली, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आखूड लावला की झाले असे सांगितले, आणि मी ते मान्य केले. स्टेम आखूड केल्याने हात पोहोचले, परंतु वरची नळी उंच राहिली आणि पुढचा भार बिघडला. यवतेश्वरच्या चढावर तासाभरात कंबर धरायची, आणि दगडी उतारावर सीटच्या मागे सरकायला जागाच उरत नसे. सात महिन्यांत ती विकावी लागली आणि सवलतीपेक्षा दुप्पट पैसे बुडाले.

म्हणून मिडियम-लार्ज या शिक्क्यांवर विसंबू नये. प्रत्येक कंपनीचे मिडियम वेगळे असते. रीच म्हणजे क्रँकच्या अक्षापासून (पेडलच्या दांड्या फ्रेममध्ये जिथे फिरतात तो मध्य) हेडट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर, आणि स्टॅक म्हणजे त्याच दोन बिंदूंमधले उभे अंतर. हे दोन आकडे ज्या सायकलीवर आपण सुखाने बसतो तिचे लिहून घ्यावेत आणि नव्या सायकलीशी ताडून पाहावेत. बूट घालून फ्रेमवर दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर वरच्या नळीपासून तीन ते पाच सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे. सीटच्या उंचीसाठी सुरुवातीचा अंदाज हवा असेल, तर अनवाणी उभे राहून दोन्ही मांड्या जिथे मिळतात तिथपासून जमिनीपर्यंतची लांबी मोजावी आणि तिला ०.८८३ ने गुणावे. क्रँकच्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर ठेवून चालवून पाहावे आणि मग गुडघा सांगेल तसे दोन-चार मिलिमीटर बदलावे. हेडट्यूबचा कोन ६७ ते ६९ अंशांच्या दरम्यान असेल, तर सायकल चढावर भरकटत नाही आणि उतारावर बिथरत नाही.

चाके आणि टायर यांकडे माझे सर्वाधिक लक्ष असते. चाकाच्या कडेला असलेले वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट भासते, आणि वळणावळणाच्या वाटेवर वेग सतत घ्यावाच लागतो. क्रॉस-कंट्रीसाठी २९ इंची चाक आता सर्वमान्य झाले आहे. ते दगडांवरून सहज चढते. स्वस्त सायकलीत तार घातलेले जड टायर असतात, ते प्रत्येकी नऊशे ग्रॅमपर्यंत भरतात. घडी होणारा २.२५ इंची क्रॉस-कंट्री टायर सहाशे ते साडेसातशे ग्रॅमचा मिळतो. रिमची आतील रुंदी २५ ते ३० मिलिमीटर असावी, म्हणजे टायर नीट बसतो. कार्बन रिमसाठी पैसे मोजण्याआधी हे दोन टायर बदलून पाहावेत. खर्च कितीतरी कमी येतो आणि फरक पहिल्याच फेरीत कळतो.

ट्यूबलेस तर आपल्या जिल्ह्यात अनिवार्यच मानतो. माण-खटावकडच्या वाटेवर बाभळीचे काटे आणि सराटे इतके असतात की ट्यूब असलेल्या चाकाला एका फेरीत तीन-तीन पंक्चर होतात. दोन ट्यूब काढल्या की सुमारे चारशे ग्रॅम वजन जाते, दोन्ही टायरमध्ये मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास सीलंट (भोक बुजवणारा द्रव) येते, आणि काटा रुतला तरी बहुधा जागच्या जागी भोक बुजते. उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळत असल्याने दर दोन महिन्यांनी चाक हलवून आतला आवाज ऐकावा.

याहून मोठा लाभ म्हणजे हवा कमी ठेवता येते. अजिंक्यताऱ्याच्या बाजूला एक पायवाट आहे, तिथे काळ्या खडकावर मुरुमाची बारीक खडी पसरलेली असते. टायरमध्ये ३० पीएसआय हवा असताना माझे मागचे चाक तिथे दर वेळी जागच्या जागी गरगरत असे, खडी मागे उडे आणि पाय टेकावा लागे. हवा २२ वर आणल्यावर टायरचा तळ खडीभोवती वाकून बसू लागला आणि तोच चढ न उतरता पार झाला. ६५ ते ७० किलोच्या चालकाने पुढे १८ ते २० आणि मागे २० ते २३ पीएसआय येथून सुरुवात करावी, आणि रिमला दगड लागल्याचा आवाज आला तर एक-दोन पीएसआय वाढवावेत.

फोर्क हवेवर चालणारा आणि १०० मिलिमीटर चालीचा, म्हणजे तेवढा दबू शकणारा, असावा. तो दीड किलोच्या आसपास असतो, तर स्प्रिंगचा स्वस्त फोर्क अडीच किलोपर्यंत जातो. कार्बन फ्रेमने जे वाचवले ते सगळे या एका भागात परत जाते, म्हणून स्प्रिंगचा फोर्क लावलेली कार्बन सायकल मी कोणालाही सुचवत नाही. सायकलीवर बसल्यावर फोर्क १५ ते २० मिलिमीटर खाली दबेल इतकी हवा भरावी. हँडलवरचा लॉकआउट (फोर्क दबू न देणारी कळ) डांबरी घाटात उपयोगी पडतो.

गिअरमध्ये पुढे एकच चक्र आणि मागे बारा, ही रचना आता रूढ आहे. शिमानो डिओरची १० ते ५१ दातांची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) सुमारे सहाशे ग्रॅमची असते आणि त्याच कंपनीच्या वरच्या दर्जाच्या एक्सटीची सुमारे ४७० ग्रॅमची. चालीत फरक आहे, परंतु दमछाक कमी होते ती पुढच्या चक्राच्या दातांमुळे. पुढे ३४ दात असतील तर मिनिटाला साठ फेऱ्या मारताना सर्वांत हलक्या गिअरवर ताशी साडेपाच किलोमीटर वेग राखावा लागतो, ३२ दातांवर पाचच्या थोडे वर आणि ३० दातांवर पाचहून कमी पुरतो. बहुतेक सायकली ३४ किंवा ३२ लावून येतात. नवशिक्याने खरेदीच्या वेळीच ३० चे चक्र लावून मागावे. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क असावेत आणि आपले उतार पाहता पुढची डिस्क १८० मिलिमीटरची असलेली बरी.

फ्रेमच्या बारकाव्यांत चिखलाला मोकळी जागा किती आहे हे आधी पाहावे. मागच्या चाकाशेजारी फ्रेम आणि टायर यांत दोन्ही बाजूंना किमान सहा मिलिमीटर अंतर हवे. पश्चिमेकडचा तांबडा चिखल निदान धुतल्यावर जातो, पण कोरेगावकडची काळी माती टायरला चिकटून गच्च बसते, तिच्यात खडे अडकतात आणि फिरणारे चाक पॉलिश पेपरसारखे फ्रेम घासत राहते. ओळखीच्या एका सायकलीवर एका पावसाळ्यात रंग जाऊन खालचे काळे धागे उघडे पडलेले मी बोटाने चाचपले आहेत. धागे तुटू लागले की तो भाग कमजोर झाला असे समजावे. त्या जागी जाड पारदर्शक पट्टी पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा अक्ष ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग) आटे असलेला मिळत असेल तर तोच निवडावा, कारण ठोकून बसवलेला प्रकार चिखलपाण्यात कुरकुरतो. केबल हेडसेटमधून (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगमधून) आत नेलेल्या फ्रेम दिसायला देखण्या असतात, परंतु बेअरिंग बदलायचे तर ब्रेकची नळी सोडावी लागते. सीटपोस्ट (सीटची दांडी) २७.२ मिलिमीटरचा असेल तर तो थोडा लवतो. पुढे ड्रॉपर (चालवतानाच खाली-वर करता येणारा सीटपोस्ट) बसवायचा विचार असेल तर ३०.९ किंवा ३१.६ चे माप सोयीचे. मागील गिअरचा हँगर (गिअरची यंत्रणा फ्रेमला जिथे टांगतात तो छोटा तुकडा) स्रॅम कंपनीने २०१९ साली आणलेल्या युनिव्हर्सल पद्धतीचा असला, तर तुटल्यावर दुसरा मिळणे सोपे जाते. तरीही एक जादा हँगर पहिल्या दिवसापासून पिशवीत असावा.

जुनी कार्बन सायकल घेणार असाल तर ती धुऊन, उन्हात उभी करून पाहावी. अ‍ॅल्युमिनियमला मार लागला की पोचा दिसतो, कार्बनमध्ये आतले थर सुटले तरी वरचा रंग शाबूत राहू शकतो. सीट क्लॅम्पखाली, हेडट्यूबमागे, खालच्या नळीच्या पोटाला आणि मागच्या चाकाशेजारच्या नळ्यांवर नख फिरवावे; नख अडकले तर तडा रंगाच्या खाली गेला असण्याची शक्यता धरावी. नाण्याने हलके टकटक करत पुढे सरकावे. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला, तर जाणकाराने तपासल्याशिवाय व्यवहार करू नये. फ्रेमची हमी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, म्हणून मूळ बिल हाती असले तरी कंपनीच्या अटी वाचून घ्याव्यात. नाव नसलेल्या स्वस्त कार्बन फ्रेमच्या वाटेला मी जात नाही. उतारावर हेडट्यूब तुटली तर वाचलेल्या पैशांचा काही उपयोग नसतो.

सायकल ताब्यात घेताना टॉर्क रेंच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) सोबत विकत घ्यावे. सीट क्लॅम्प आणि स्टेमचे बोल्ट साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटरमध्ये आवळायचे असतात. नेमका आकडा त्या भागावरच छापलेला असतो आणि तोच पाळावा. कार्बन सीटपोस्टला ग्रीस न लावता कार्बन पेस्ट लावावी, म्हणजे कमी आवळूनही तो घसरत नाही. दुरुस्तीच्या स्टँडवर सायकल सीटपोस्टला धरून टांगावी. वरच्या नळीला चिमटा लावू देऊ नये, आणि गाडीच्या कॅरिअरवरही हीच दक्षता घ्यावी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट, आरे आणि हेडसेट पुन्हा तपासून घ्यावेत.