हॉटेलचा व्हिडिओ काढून राहिले का? बोर्ड राहू द्या, आधी तर्री दाखवा

नागपुरात मानेवाडा रोडवर एका ओळखीच्या भाऊनं सावजी (झणझणीत मसाल्याच्या जेवणाचं) भोजनालय टाकलं, हौसेनं जाहिरात बनवून घेतली आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवून विचारलं कशी वाटली. आता काय सांगू बाप्पा. आधी ड्रोनवरून छत, मग बोर्ड, मग गल्ल्यावरचा गणपती, मग एसी हॉल, मग भाऊ स्वतः हात जोडून उभे, मग मेनू कार्ड, आणि चाळीस सेकंद होऊन गेले तरी रस्सा आणि त्यावरची लाल तेलाची तर्री काही दिसली नाही. तेवढ्यात पाहणारा तीन रील पुढं गेला असते. मी म्हटलं भाऊ हे हॉटेलचं नाही, वास्तुशांतीचं शूटिंग वाटून राहिलं. मग आम्ही दोघांनी मोबाइलवरच पुन्हा काढली, त्यात जे शिकलो ते इथं लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे पदार्थ एकच घ्या. मेनूत साठ आयटम असू द्या, व्हिडिओत एक. सावजी असंल तर मटण, सकाळचा ठेला असंल तर तर्री पोहे, व्हेजवाले असाल तर पाटवडी रस्सा. कोणता घ्यायचा ते वेटरला विचारा, मालकाला नका विचारू, मालकाला सगळंच भारी वाटते. आणि लांबी तीस सेकंदांच्या आत, कारण गुगलवर हॉटेलच्या प्रोफाइलला जो व्हिडिओ टाकता येते तो 30 सेकंद आणि 75 एमबीपर्यंतच चालते, म्हणजे एकदा 28 सेकंदांचा बनवला की इन्स्टा, स्टेटस, गुगल सगळीकडं तोच. फोन उभा धरायचा (1080 बाय 1920), खालचा भाग आणि उजवी कड मोकळी सोडायची, तिथं ॲपची बटणं येतात आणि नेमका तुमचा फोन नंबर त्याखाली दबते.

काढायच्या आधी सात-आठ शॉट कागदावर लिहा. बिलाच्या पावतीमागं लिहिले तरी चालते, पण लिहा, नाहीतर दीडशे क्लिप जमा होतात आणि रस्सा वाटीत पडतानाचा शॉटच राहून जाते. हे आमचंच झालं.

आता उजेड. अर्धं काम इथंच आहे. हॉलमधली ट्यूबलाइट आणि पिवळे बल्ब एकत्र असले की मटण एका बाजूनं हिरवट दिसते आणि एका बाजूनं पिवळं. सगळे लाइट बंद करा आणि टेबल खिडकीजवळ किंवा दाराजवळ ओढा. ताट म्हणजे घड्याळ समजा, तुम्ही सहावर उभे, तर खिडकी दहावर किंवा दोनवर पाहिजे, म्हणजे उजेड मागून-बाजूनं येते आणि तेलावर चमक मारते. समोरून उजेड टाकला की जेवण आधार कार्डाच्या फोटोसारखं सपाट. ऊन थेट येत असंल तर खिडकीला पांढरी चादर लावा, आणि ताटाच्या अलीकडून थर्माकोलची शीट धरा म्हणजे पुढची बाजू काळी पडत नाही. खर्च शंभर रुपये पण नाही.

तर्रीचं मात्र वेगळं प्रकरण आहे, इथं आम्ही दोन तास घातले. लाल रस्सा मोबाइलवर घेतला की सगळा मिळून एक लाल धब्बा दिसते, मसाला नाही, तेलाचा थर नाही, काहीच नाही, रंगाचा डबा उघडल्यासारखं. कारण कॅमेऱ्यात लाल रंग सगळ्यात आधी भरून जाते आणि त्याच्या आतलं बारीक काही उरत नाही. उपाय सोपा आहे. वाटीवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि बाजूला जे सूर्याचं चिन्ह येते ते खाली ओढा, स्क्रीनवर थोडं काळपट वाटंल इतकं. मग शेजारी पांढरा कांदा आणि लिंबाची फोड ठेवा, त्यानं लाल रंग लालच वाटते. आणि घाई करा, रस्सा वाटीत पडल्यावर दोन-तीन मिनिटं तर्री नाचते, मग थंड होऊन तेल वर साकळते आणि चमक गेली. म्हणून फ्रेम आधी रिकाम्या वाटीवर सेट करायची, रस्सा शेवटी बोलवायचा. पीस कोरडे दिसले तर त्याच पातेल्यातलं गरम तेल ब्रशनं फिरवा. वरून रंग टाकू नका, गिऱ्हाईक व्हिडिओ दाखवून ताटाशी मॅच करते इथं.

स्टीलच्या वाटीत तुम्ही स्वतः दिसता हे पण लक्षात ठेवा. आमच्या पहिल्या सगळ्या शॉटमध्ये वाटीच्या पोटावर माझा पोपटी टी-शर्ट होता, एडिटिंगला बसेपर्यंत कोणाच्या लक्षात नाही आलं. काळा किंवा राखाडी शर्ट घाला.

वाफ पाहिजे असंल तर मे महिन्यात नागपुरात विसरा. बाहेर 45 डिग्री आणि हवा कोरडी ठक्क, वाफ निघते पण दिसत नाही. एसी हॉल असंल तर तो थंडगार करून तिथं काढा, मागं काळा पडदा आणि मागून उजेड. डिसेंबरात सकाळी आठला काढाल तर काही करायचीच गरज नाही, पोह्यावर तर्री टाकली की धूर निघाल्यासारखी दिसते.

लंबी रोटी बनत असंल तुमच्याकडं तर ते सोडू नका, नागपूरकर सोडून बाकी कोणी पाहिलं तर तोंडच उघडं राहते. कणीक इतकी सैल असते की हातावरून ओघळते, मावशी ती या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवतात आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकतात. बाजूनं, खाली बसून काढा, मागून दाराचा उजेड आला तर रोटी पडद्यासारखी आरपार दिसते. स्लो मोशन वापरायचं तर इथंच, आणि दिवसाच्या उजेडातच. आपली विजेची लाइन 50 हर्ट्झची आहे, साधे लाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण स्लो मोशनमध्ये सगळं फडफड करते. साध्या व्हिडिओतही पट्टे फिरताना दिसले तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथं सेटिंग हातानं बदलता येते) शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. आणि मावशींना आधी विचारा, व्हिडिओत घेतलं तर चालंल का म्हणून, हो म्हटलं की कॅमेऱ्याकडं पाहा म्हणू नका, तुमचं चालू द्या म्हणा.

आवाजाकडं कोणी लक्षच देत नाही. पाच मिनिटं कूलर आणि एक्झॉस्ट बंद करा (आचारी बडबड करंल, करू द्या), फोन फोडणीपासून हातभर लांब धरा आणि नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. आमची सुरुवात तर वेटरच्या आवाजानं आहे, 'दोन मटण, चार रोटी, कांदा-लिंबू जास्तऽऽ', आणि त्यावर रस्सा वाटीत पडते. रेडिओवाल्यासारखा भारदस्त आवाज लावून 'चवीचा राजा' वगैरे म्हणवलं असतं तर गेला होता व्हिडिओ. बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून वर मोठ्या अक्षरात चार शब्द टाका. आम्ही टाकलं 'झेपंल का पाहा'.

गाणं कोणतं पण उचलू नका. हिट सिनेमाचं गाणं धंद्याच्या जाहिरातीला लावलं की कॉपीराइटमध्ये आवाज बंद होऊ शकते, अन् मग सगळी मेहनत मुकी. मेटाचं साउंड कलेक्शन आहे (ते फक्त फेसबुक-इन्स्टापुरतं), यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे, तिथलं एखादं घ्या, नाहीतर फोडणीचा आवाजच पुरते. 'नागपुरात नंबर वन' लिहू नका, कोणी पुरावा मागितला तर काय दाखवाल. आणि फूड ब्लॉगरला पैसे किंवा फुकट जेवण देऊन व्हिडिओ करून घेतला तर त्यावर जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहायला सांगा, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेचा 2021 पासून तसा नियम आहे.

शेवटच्या तीन सेकंदांत नाव, जवळचा चौक, गाडी कुठं लावायची आणि बंद कोणत्या वारी. पिनकोडसकट पूर्ण पत्ता कोणी वाचत नाही. मटणाचा व्हिडिओ श्रावणात टाकू नका, घरोघरी बंद असते, पोळा होऊ द्या मग टाका, शनिवारी संध्याकाळी, म्हणजे रविवारचा बेत ठरते. एडिट करणाऱ्याकडून फाइल व्हॉट्सॲपवर घेताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर दबून दबून तर्रीचा पुन्हा धब्बा होते.

आणि शूटिंगचं मटण फेकू नका हो. आम्ही संध्याकाळी पाचला ते पुन्हा गरम केलं, ज्या रोट्या शॉटमध्ये फाटल्या होत्या त्यांच्यासोबत खाल्लं, भाऊ म्हणे अजून एक शॉट घ्यायचा का, म्हटलं आता हात तेलाचे आहेत.