ग्लास पेंटिंगचे रंग घेताना: काचेमागे काय असणार?

रंग घ्यायला जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा. काच खिडकीत लागणार, भिंतीवर टांगणार, की ते रोज घासायचं भांडं आहे? पहिली काच बहुतेक इथेच फसते आणि बोल मात्र हाताला लागतो. हात चांगलाच असतो, रंग चुकीच्या जागेसाठी घेतलेला असतो.

खिडकीत उजेड मागून येतो आणि रंगाच्या थरातून एकदाच जातो. फ्रेममध्ये मात्र मागे ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून, पुन्हा उलगडून लावतात. तिथे उजेड पुढून शिरतो, फॉइलवर आदळतो आणि त्याच थरातून परत येतो. थर एकच, पण डोळ्याला दुप्पट गडद दिसतो. म्हणून खिडकीत झळाळणारी मोराची निळी मान फॉइलवर जवळजवळ काळी पडते. पांढऱ्या कागदावर ठिपका टाकून शेड पाहिली तरी हेच होतं. कागदावर पसंत केलेला रंग खिडकीत फिका निघतो. मागे काळा पुठ्ठा असेल, तर पारदर्शक रंग दिसतच नाही.

काचवाल्याकडून उरलेला तुकडा आणा. साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा. लायनरने, म्हणजे रंग अडवणारी उठावदार रेघ काढायच्या ट्यूबने, दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन पाडा आणि रात्रभर वाळू द्या. मग प्रत्येक रंगाचे दोन चौकोन भरा, एक पातळ, एक जाड. वाळल्यावर ज्या जागी काच लागणार, तिथेच धरून बघा. हा एक दिवस वाचवू नका.

बारा बाटल्यांचा सेट नको. पिवळा, लाल, निळा आणि त्याच कंपनीचं बिनरंगी मीडियम एवढ्यावर भागतं. पोपटी हवा तर दहा थेंब पिवळ्यात एक थेंब निळा टाकून सुरुवात करा. रंग फिका करायला पांढरा घातलात की तो दुधाळ होतो, पारदर्शकपणा गेला. मीडियमच घाला. सॉल्व्हंटवरचा रंग पातळ करायला घातलेलं टर्पेंटाइन जास्त झालं तर रंग कडेला जमतो आणि मधे फिका डाग राहतो. पाण्यावरचे आणि सॉल्व्हंटवरचे रंग एकत्र कालवू नका. बाटली जोरात हलवली की बुडबुडे येतात, ती तळहातात घोळवा. आलेच बुडबुडे तर ओल्या रंगातच सुईने फोडा. घाबरू नका, रंग परत पसरून जागा भरतो.

तयार डिझाइनची झेरॉक्स काचेखाली सरकवून रंग भरून घेणाऱ्या क्लासमध्ये लायनर धरायला जरूर शिका. पण काच एकदाही उजेडात धरून न दाखवणाऱ्याकडून रंगाची निवड शिकू नका.

भांड्यासाठी ओव्हनमध्ये भाजायचेच रंग घ्या. तापमान आणि वेळ बाटलीवर असते. उदाहरणार्थ, पेबिओ कंपनीच्या व्हिट्रिया १६० या रंगाला १६० अंश सेल्सिअसवर ४० मिनिटं लागतात. आधी किमान २४ तास वाळवा, नाहीतर रंगाला फोड येतात. काच थंड ओव्हनमध्ये ठेवूनच तो सुरू करा आणि ती आतच गार होऊ द्या. घाईने बाहेर काढली तर तडकते. ग्लासच्या ओठाकडचे दोन सेंटिमीटर कोरे सोडा, आणि आतल्या बाजूला रंग अजिबात नको.