भिंत फोडण्याआधी: स्मार्ट घरासाठी वायरलेस की विजेच्या तारा?

वायरमनला बोलावण्याआधीचा एक रविवार या कामासाठी मोकळा ठेवा. वही, पेन आणि मोबाइल एवढं पुरे. कुठल्या कंपनीचं उपकरण, कुठलं ॲप, हे सगळं नंतर. आधी घरात वीज कुठून कुठे जाते ते कागदावर उतरवा. दिवे-पंखे वायरलेसवर चालवायचे की भिंतीतल्या विजेच्या तारांवरूनच त्यांना हुकूम पाठवायचे, याचं निम्मं उत्तर त्याच कागदावर मिळतं.

आमचं नाशिकचं घर तळमजला आणि वर एक मजला, मीटर थ्री-फेज, म्हणजे वीज तीन वेगळ्या तारांतून येते; त्यातली प्रत्येक एक फेज. वायरिंग बदलायला काढलं तेव्हा माझा ओढा तारांकडे होता. तारा भिंतीत आहेतच, मग हवेतून कशाला जायचं? ही कल्पना जुनी आणि खरोखर सुंदर आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथ्सच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये ‘एक्स-१०’ ही पद्धत विकसित केली ती याच तत्त्वावर. विजेची लहर शून्यावर येते त्या क्षणी तारेत १२० किलोहर्ट्‌झचा एक छोटा ठोका सोडायचा. १६ अक्षरं गुणिले १६ क्रमांक, म्हणजे उपकरणांसाठी २५६ पत्ते. एक हुकूम पोहोचायला जवळपास सेकंद लागायचा, पण अमेरिकेतल्या घरांत ते वर्षानुवर्षं चाललं. आपल्या घरात ते का अडखळतं, हे वहीतल्या पहिल्या तीन नोंदींवरून कळतं.

पहिली नोंद फेजची. डीबीतला, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीतला, एकेक एमसीबी (सर्किट तोडणारा छोटा स्विच) खाली करा आणि कुठले दिवे, पंखे, प्लग बंद पडतात ते लिहा. मग कुठला एमसीबी कुठल्या फेजवर आहे ते वायरमनकडून लिहून घ्या. सिंगल-फेज फ्लॅट असेल तर हा प्रश्न नाही. थ्री-फेज असेल तर एका फेजवर सोडलेला संदेश दुसऱ्या फेजवर धड पोहोचत नाही. मध्ये कपलर, म्हणजे एका फेजवरचा संदेश दुसऱ्या फेजवर नेणारा जोड, लावावा लागतो. आमच्याकडे हॉल एका फेजवर आणि वरच्या खोल्या दुसऱ्या फेजवर निघाल्या.

दुसरी नोंद इन्व्हर्टरची. कुठले पॉइंट त्याच्यावर आहेत? वीज गेली की तेवढा भाग मुख्य लाइनपासून सुटतो आणि बॅटरीवर जातो. हुकूम देणारं यंत्र एका बाजूला आणि दिवे दुसऱ्या बाजूला राहिले, तर नेमकं अंधारात काही चालत नाही. परदेशी माहितीपत्रकांत हा मुद्दा मला सापडला नाही, कारण तिथे घरोघरी इन्व्हर्टर नसतो.

तिसरी नोंद गोंगाटाची. एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला हवी तशी वीज देणारं सर्किट), मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर एसी हे सगळे तारेत विद्युत गोंगाट सोडतात आणि संदेश त्यात बुडतो. उलट स्पाइक गार्डची पट्टी संदेशच गिळून टाकते. घरात मध्यम लहरींचा छोटा रेडिओ असेल तर तो दिव्याजवळ धरा आणि दिवा चालू-बंद करून पाहा. खरखर एकदम वाढली तर तो ड्रायव्हर वाईट. ही अचूक मोजणी नव्हे, पण गुन्हेगार ओळखायला उपयोगी.

या तिन्ही नोंदींमुळे दिवे-पंख्यांसाठी मी तारांचा नाद सोडला. तुमच्याही घरात इन्व्हर्टर असेल, तर माझा सल्ला वायरलेसचाच. पण इंटरनेट दुसऱ्या टोकाला न्यायला तारा जरूर वापरा. जुन्या काळ्या दगडाच्या भिंतीतून वायफाय पलीकडे जात नाही. तिथे पॉवरलाइन ॲडाप्टरची, म्हणजे विजेच्या तारेतून इंटरनेट नेणाऱ्या दोन यंत्रांची, जोडी उपयोगी पडते. मात्र दोन्ही एकाच फेजवर आणि थेट भिंतीच्या प्लगमध्ये हवेत, एक्स्टेंशन बोर्डावर नकोत. बसवल्यावर जोडणीचं बटण दाबून स्वतःची सांकेतिक किल्ली लावून घ्या, कारण हा संदेश शेजाऱ्यांच्या तारांपर्यंत पोहोचू शकतो. आणि भिंत फोडलीच आहे तर त्याच वेळी लॅन केबलसाठी वेगळा पाइप टाका. त्याला तोड नाही.

आता वायरलेसची तयारी, आणि तिथे सगळा जीव न्यूट्रलमध्ये, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेत, आहे. स्मार्ट मॉड्यूल (स्विचच्या मागे बसून हुकूम ऐकणारं छोटं यंत्र) स्वतः सतत जागं असतं, म्हणून त्याला बोर्डातच फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर पाच अँपिअरचा सॉकेट असतो, त्यामुळे न्यूट्रल तिथे आलेला असतो. अडचण येते ती पलंगाजवळच्या आणि जिन्यातल्या टू-वे स्विचांना. तिथे नुसत्या फेजच्या तारा फिरलेल्या असतात. प्रत्येक बोर्ड वायरमनकडून उघडून घ्या आणि वहीत ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहा. नसेल तिथे त्याच सर्किटचा न्यूट्रल ओढून घ्या. शेजारच्या सर्किटचा उसना घेतला तर आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडत राहील. आणि कोणी म्हणालं की अर्थिंगच्या तारेवर काम भागवू, तर त्याला तिथेच थांबवा. त्यात जीव जाऊ शकतो. स्विचचा डबाही खोल घ्या. स्विचच्या मागे मॉड्यूल बसायला जागा लागते. आणि तो पत्र्याचा असेल तर रेडिओलहर अडवतो.

मग प्रत्येक बोर्डासमोर उभं राहा, दारं लावा आणि फोनवर वायफाय किती येतं ते लिहा. मोजताना फोन २.४ गिगाहर्ट्‌झवर ठेवा, कारण बहुतेक स्मार्ट स्विच तेवढंच ओळखतात. दहा-बारा उपकरणं असतील तर वायफाय पुरतं. त्याहून जास्त असतील तर झिग्बी ही घरातल्या उपकरणांसाठीची वायरलेस पद्धत बघा: विजेवर चालणारं जवळपास प्रत्येक उपकरण पुढच्याला संदेश देतं, म्हणून लांबच्या खोलीचा प्रश्न सुटतो. झिग्बीही २.४ वरच असल्याने त्याचा हब (सगळ्या उपकरणांना हुकूम देणारं मधलं यंत्र) राउटरला चिकटून ठेवू नका. झेड-वेव्ह ही तशीच दुसरी पद्धत निवडलीत तर भारताच्या ८६५ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातलंच घ्या. अमेरिकेतून भाचा आणणार असेल ते ९०८ वर बोलतं, इथल्या हबशी त्याचं जमणार नाही. शिवाय तिथली वीज १२० व्होल्टची.

विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: इंटरनेट बंद असताना हे चालेल का? एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या स्मार्ट-घर कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि लोकांच्या घरातल्या दिव्यांचं ॲप एका दिवसात मुकं झालं. भिंतीवरचं बटणही नेहमीसारखं चाललं पाहिजे. माझ्या आईला दिवा लावायला फोन शोधावा लागणं मला मान्य नाही.

पंख्याला पंख्याचंच मॉड्यूल लावा, दिव्याचा डिमर नाही. दोन किलोवॉटच्या गीझरला सोळा अँपिअरचा रिले (हुकमावर चालू-बंद होणारा स्विच) लावा. राउटर आणि हब इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

शेवटी सगळं घर एकदम करू नका. एक खोली करा आणि महिनाभर वापरा. त्या महिन्यात एकदा मेन स्विच बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा आणि काय काय आपोआप लागतं ते पाहा. दिवे पूर्वीच्या स्थितीत यावेत, गीझर मात्र बंदच राहिला पाहिजे. ही सेटिंग प्रत्येक मॉड्यूलमध्ये वेगळी करावी लागते, आणि आमच्या गीझरला ती करायची राहिली होती हे मला पहाटे तीनला वीज आल्यावर कळलं.