जुन्या जीपचा वावरातला ट्रॅक्टर: ‘डूडलबग’ची रीत

भंगारात निघालेल्या जीपचा ट्रॅक्टर करायचे म्हटले की वेल्डिंगच्या दुकानात पहिला प्रश्न इंजिनाच्या ताकदीचा निघतो. वास्तविक तो शेवटी विचारावा. अमेरिकेत 1930 नंतरच्या मंदीत नवा ट्रॅक्टर परवडेना आणि महायुद्धाच्या काळात मिळेना, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए या जुन्या मोटारी कापून जी यंत्रे केली, त्यांना ‘डूडलबग’ म्हणत. मॉडेल टीचे इंजिन अवघे 20 अश्वशक्तीचे आणि मॉडेल एचे 40 अश्वशक्तीचे होते. तरीही ही यंत्रे शेतात चालली, कारण त्यांत मोटारीची चाल मोडून बैलाची चाल आणलेली होती.

वखराला ताशी सुमारे 4 किलोमीटरची चाल पुरते. जीपच्या चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर धरल्यास चाकाने मिनिटाला 30 फेरेच घ्यावेत. इंजिन 1500 फेऱ्यांवर, पहिला गिअर 3 पट आणि डिफरन्शियल (मागच्या एक्सलमधले गिअर) 5 पट गती कमी करणारे असेल, तर चाक 100 फेरे घेते आणि गाडी ताशी 13 किलोमीटरने धावते. त्या वेगात वखरामागे माणूस टिकत नाही. म्हणून पहिल्या गिअरबॉक्समागे दुसरा गिअरबॉक्स जोडावा, हीच डूडलबगची खरी युक्ती. दोन्ही पहिल्या गिअरमध्ये टाकल्यावर गती 45 पट कमी होते आणि चाक मिनिटाला 33 फेऱ्यांवर येते.

जोडकाम मात्र जपून करावे लागते. दुसऱ्या गिअरबॉक्सचा पुढचा दांडा मुळात क्लच प्लेटमध्ये बसण्यासाठी घडवलेला असतो. जुन्या क्लच प्लेटचा मधला दातेरी भाग कापून तो पहिल्या गिअरबॉक्समधून निघणाऱ्या शाफ्टच्या फ्लँजला (टोकाच्या चकतीला) वेल्ड केल्यास दोन्ही गिअरबॉक्स जोडता येतात. त्या दांड्याचे टोक एरवी फ्लायव्हीलमधल्या बेअरिंगवर टेकते, येथे ते अधांतरी राहते, म्हणून चेसिसच्या आडव्या पट्टीत स्वतंत्र बेअरिंग द्यावे. हे बेअरिंग बसवायचे टाळले, तर पुढे गिअरबॉक्सच बदलावा लागतो.

गती जितकी कमी होते तितका पीळ वाढतो, आणि तो मागच्या एक्सलवर येतो. त्यामुळे दुसरा गिअरबॉक्स आणि मागचा हौजिंग (एक्सलभोवतीचे लोखंडी कवच, एक्सलसकट) लहान ट्रकचा घ्यावा. तो घेतल्यावर त्याच्या चाकाच्या घेरावर वरचा हिशेब पुन्हा मांडावा. मागचे पाटे काढून हौजिंग थेट चेसिसला बोल्ट करावा, नाहीतर जोर लागताच तो पाट्यांवर मुरगळतो. चेसिस आखूड केल्याने धुऱ्यावर वळणे सोपे होते, पण फार आखूड केल्यास पुढची चाके उचलली जातात. ओढणीचा हूक कोणत्याही परिस्थितीत मागच्या एक्सलच्या मध्याखालीच असावा. तो वर असला आणि वखर झाडाच्या मुळीत अडकला, तर यंत्र चालकावर उलटते. यात तडजोड नाही. पकडीसाठी काँक्रीटचे वजन एक्सलच्या बरोबर वर ठेवावे, मागे लटकवू नये.

मंद चालीत रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, म्हणून पंख्याभोवती पत्र्याचे कडे बसवावे. ब्रेक दोन्ही चाकांना शाबूत ठेवावेत.

आपल्या काळ्या जमिनीत हे यंत्र वापसा आल्यावरच घालावे. ओल्या मातीत चाके भरून जागीच फिरतात. खोल नांगरटीची अपेक्षा ठेवू नये. वखरणी आणि धुऱ्यापर्यंत बंडीभर कापूस ओढणे, एवढे काम ते करते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, म्हणून रस्त्यावर ते मुळीच काढू नये.

पहिली चाचणी रिकाम्या बंडीने घ्यावी. दहा मिनिटांनी इंजिन बंद करून दुसऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगजवळ हात न्यावा. तेथे हात ठेववत नसेल, तर दोन्ही दांडे एका रेषेत नाहीत असे समजून बोल्ट सैल करावेत आणि जुळणी पुन्हा करावी.