फ्युएल सेलची कॅटलिस्ट इंक (सेलच्या पडद्यावर फवारायचं प्लॅटिनमचं मिश्रण) बनवताना

प्लॅटिनम-कार्बनच्या कोरड्या पावडरवर डायरेक्ट आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ओतू नका, पेट घेते ती! आधी पाण्याने नीट भिजवा, मग अल्कोहोल, शेवटी नाफियॉन (प्रोटॉन वाहून नेणारं पॉलिमर). खरी मेख नाफियॉनमध्येच आहे, जास्त झालं तर छिद्रं बुजतात न् ऑक्सिजन आत पोचत नाही, कमी झालं तर प्रोटॉनला वाटच मिळत नाही, म्हणून कार्बनच्या वजनाच्या ०.७ ते १ पट एवढ्यापासून सुरुवात करा. सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी इंक मिसळणारं यंत्र) बर्फ टाकायचा कंटाळा करू नका, मी केला होता, इंक तापून गुठळ्या झाल्या. मग साधारण ८० डिग्रीच्या हॉटप्लेटवर मेम्ब्रेन (सेलमधला प्रोटॉन वाहणारा पडदा) ठेवून पातळ पातळ थर स्प्रे करा, प्रत्येक थर वाळू द्या आणि मधेमधे वजन बघा, कॅथोडला (ऑक्सिजनची बाजू) सेमी वर्गाला ०.४ मिग्रॅ प्लॅटिनम पुरतं, अॅनोडला (हायड्रोजनची बाजू) ०.१ सुद्धा चालतं.